बॅटरी उतरली आणि गाडी लॉक: स्पोर्ट्स कारच्या आत शिरायचं कसं?

साध्या गाडीची बॅटरी उतरली की काम सरळ असतं. चावीने दार उघडा, स्टिअरिंगखालचा खटका ओढा, बॉनेट वर करा, दुसऱ्या गाडीवरून जम्पर केबल लावा, सेल्फ मारा. चिडचिड होते, उशीर होतो, पण डोकं फारसं चालवावं लागत नाही. स्पोर्ट्स कारचं मात्र पहिल्याच पायरीला अडतं. दाराला चावीचं भोकच दिसत नाही. हँडल ओढलं तर नुसतं हलतं, किंवा दाराच्या पत्र्यात सपाट बसलेलं हँडल बाहेरच येत नाही. बॅटरी पुढच्या डिकीत, त्या डिकीचं कुलूप विजेवर चालणारं, आणि वीज त्या बॅटरीत. तिजोरीची चावी तिजोरीतच ठेवून दार ओढून घ्यावं, तसा हा प्रकार.

बॅटरी कधी ना कधी उतरणार, हे गाडी बनवणाऱ्यांनाही ठाऊक असतं. म्हणून जवळपास प्रत्येक गाडीत एक चोरवाट ठेवलेली असते. कुठे ती पूर्णपणे यांत्रिक असते, म्हणजे चावी आणि तार. कुठे बाहेरून थोडीशी वीज द्यावी लागते. ती लपवलेली असते, कारण मालकाला सहज दिसली तर चोरालाही दिसेल. (आणि दाराच्या नितळ पत्र्यावर कुलपाचं भोक डिझायनरला खपत नाही, हेही तितकंच खरं.) वाट प्रत्येक मॉडेलची वेगळी, पण त्यामागचा विचार एकच आहे. तो कळला की कुठल्याही गाडीसमोर उभं राहून काय शोधायचं ते सुचतं.

आधी एक शंका फेडून घ्या. उतरलेली बॅटरी नक्की कोणाची, गाडीची की रिमोटची? रिमोटमध्ये नाण्याएवढा ३ व्होल्टचा सेल असतो, बहुधा सीआर २०३२. तो संपला तरी बटण दाबून काहीच होत नाही आणि माणूस गाडीच्या बॅटरीला शिव्या घालत बसतो. काचेतून आत बघा. अलार्मचा छोटा लाल दिवा डॅशबोर्डवर किंवा दाराच्या काचेच्या कडेशी लुकलुकत असेल तर गाडीत जीव आहे, रिमोट मेलाय. अशा वेळी दुसरा रिमोट आणला की प्रश्न मिटतो. दुसरा नसेल तर लपलेल्या चावीने दार उघडायचं आणि रिमोट गाडीतल्या ठरलेल्या जागी टेकवून गाडी सुरू करायची. ही जागा कुठे स्टार्ट बटणच असते, कुठे स्टिअरिंगजवळची खूण, कुठे कप ठेवायचा खळगा. सेल नसताना हे चालतं, कारण चोरी रोखणाऱ्या चिपला स्वतःच्या सेलची गरजच नसते. गाडीतल्या कॉइलच्या चुंबकीय क्षेत्रातून तिला लागेल तेवढी ऊर्जा मिळते.

उलट गाडीची बॅटरी मेली असेल तर रिमोटमध्ये कोरा सेल घालूनही उपयोग शून्य. खिशात चावी ठेवून हँडलला हात लावताच दार उघडतं, तेव्हा पहिला शब्द गाडीचा असतो. ती साधारण १२५ किलोहर्ट्झच्या मंद लहरींवर ‘कोण आहे?’ असं विचारते, मग चावी ३१५ किंवा ४३३ मेगाहर्ट्झवर उत्तर देते. विचारणाराच बेशुद्ध असेल तर उत्तर कोण ऐकणार?

आता प्रश्न असा, की याच गाड्यांची बॅटरी इतक्या वेळा का उतरते? बॅटरी हलकी असते म्हणून नाही. गाडी उभी राहते म्हणून. बंद गाडीही वीज खातच असते: अलार्म, चावीची वाट बघणारा रिसीव्हर, घड्याळ, कॉम्प्युटरांच्या मेमऱ्या, कोणी बसवला असेल तर ट्रॅकर. झोपलेल्या गाडीने २० ते ५० मिलिअँपिअर खाणं हे सर्वसाधारण मानतात. ५० धरा. दिवसाचे २४ तास म्हणजे १.२ अँपिअर-अवर. ६० अँपिअर-अवरची बॅटरी अगदी काठोकाठ भरलेली असली तरी २५ दिवसांत अर्धी होते. त्यात शिसं आणि आम्लाची बॅटरी नुसती ठेवली तरी आतल्या आत थोडी उतरते, ते वेगळंच.

मालकाच्या हातून होणारा खर्चही असतो, तो कोणी धरत नाही. कव्हर बाजूला केलं, दार उघडलं, सीटवर बसून दोन मिनिटं स्टिअरिंग कुरवाळलं, दार लावलं. गाडी जागी होते तेव्हा तिचे सगळे कॉम्प्युटर जागे होतात आणि काही अँपिअर ओढतात. पुन्हा गाढ झोपायला त्यांना पाव ते अर्धा तास लागू शकतो. ५ अँपिअर पाव तास ओढले तर १.२५ अँपिअर-अवर गेले, म्हणजे एका अख्ख्या दिवसाचं खाणं. गाडीवर प्रेम असलेला माणूस रोज एकदा तिला भेटायला जात असेल तर बॅटरी निम्म्या काळात उतरते. चावी गाडीपासून हाताच्या अंतरावर खिळ्याला टांगायची सवयही वाईट. अशा काही गाड्या चावीची चाहूल घेत राहतात आणि नीट झोपतच नाहीत.

बॅटरी एका क्षणात मरत नाही, टप्प्याटप्प्याने मरते. पूर्ण भरलेली आणि काही तास विसावलेली बॅटरी मीटरवर १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. अर्धी झाली की १२.२ च्या आसपास. १२ च्या खाली घसरली की जवळपास रिकामीच समजा. सेल्फला काहीशे अँपिअर लागतात, त्यामुळे तो आधी रुसतो. दाराच्या लॉकला चार-पाच अँपिअर पुरतात, म्हणून ते बरंच नंतर रुसतं. या मधल्या काळात गाडी सुरू होत नाही, पण उघडते. हाच काळ कामाचा. सेल्फ जड वाटला, इंजिन नेहमीपेक्षा उशिरा घुरघुरलं, तर त्या रात्री बॉनेट खाली दाबून, दारं लॉक करून निघून जाऊ नका. ज्या झाकणाखाली बॅटरी आहे ते उघडं ठेवा, नाहीतर तेव्हाच चार्जर लावा.

बॅटरी अशा अडनिड्या जागी असण्यामागेही कारण आहे. साधारण १५ ते २० किलोचं ते धूड कुठे ठेवलं यावरून गाडीचा तोल बदलतो. इंजिन मागे किंवा मधोमध असेल तर बॅटरी पुढे ढकलतात, इंजिन पुढे असेल तर बऱ्याचदा मागे नेतात. पोर्शे ९११ चं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे, म्हणून बॅटरी पुढच्या डिकीत. माझदा एमएक्स-५ च्या पहिल्या पिढीचं इंजिन पुढे, म्हणून बॅटरी मागच्या डिकीत. माझदाच्या त्या डिकीला साधं चावीचं कुलूप होतं, त्यामुळे प्रश्नच येत नव्हता. पुढे डिकीची कुलपं विजेवर गेली आणि ही सगळी पंचाईत सुरू झाली. तोल साधला, पण बॅटरी आणि मालक यांच्यामध्ये विजेचं दार आलं.

आता वाट शोधू. सुरुवात रिमोटपासून. रिमोट म्हणून जो प्लॅस्टिकचा गोळा खिशात असतो, त्याच्या पोटात बहुतेक वेळा एक पातं दडलेलं असतं. बाजूला छोटं बटण किंवा सरकपट्टी सापडेल; ती दाबून धरली की धातूची खरीखुरी चावी बाहेर येते. ती कुठे घालायची? आधी ड्रायव्हरच्या दाराचं हँडल बघा. हँडलच्या टोकाशी रंगवलेली छोटी टोपी असते. तिच्याखाली, जमिनीकडे तोंड करून, एक बारीक खाच असते. त्या खाचेत चावीचं टोक घालून टोपी हलकेच उचकटायची, कुलूप त्याखाली असतं. काही गाड्यांत हँडल ओढून धरलं तरच टोपी सुटते. नखाने किंवा स्क्रू-ड्रायव्हरने ओरबाडलं तर रंग जातो, टोपी तुटते, आणि तुटलेली टोपी पुढे कायम डोळ्यांत खुपते.

हे कुलूप वर्षानुवर्षं कोणी उघडलेलं नसतं. आत धूळ, ओल, गंज. चावी फिरली नाही तर जोर लावू नका. हे पातं पातळ असतं आणि अर्धं कुलपात मोडलं तर पुढचं सगळंच अवघड होऊन बसतं. ग्रॅफाइटची पूड किंवा टेफ्लॉनचा कोरडा स्प्रे मारायचा, चावी आतबाहेर करायची, थोडं थांबून दोन्ही बाजूंना हलवून बघायचं. तेल घातलं तर आज फिरेल, पण त्यावर धूळ चिकटून पुढच्या वेळी आणखी घट्ट होईल. खरं तर बॅटरी ठणठणीत असतानाच वर्षातून एकदा ही चावी या कुलपात फिरवून बघायला हवी. मालकांपैकी किती जणांना आपल्या गाडीला असं कुलूप आहे हेच माहीत नसतं!

काही गाड्यांच्या दाराला मात्र खरोखरच कुलूप नसतं. शेवरलेच्या कॉर्व्हेटची सहावी पिढी, म्हणजे २००५ ते २०१३ च्या गाड्या, याचं उत्तम उदाहरण. तिच्या दारात ओढायचं हँडलच नाही. खाचेत हात घालून पॅड दाबलं की विजेवर चालणारं लॅच, म्हणजे दार धरून ठेवणारी पकड, सुटते. वीज गेली तर दाबत बसा. यांत्रिक कुलूप आहे ते मागे, नंबरप्लेटच्या वरच्या खाचेत. वाकून बघितल्याशिवाय दिसत नाही. तिथे चावी फिरवली की मागचं झाकण उघडतं, आणि आत तारेला जोडलेली एक ओढपट्टी सापडते, तिने ड्रायव्हरचं दार सुटतं. मागून शिरून पुढचं दार उघडायचं! वाचताना विचित्र वाटेल, पण रचना चोख आहे.

या गाडीच्या निमित्ताने उलट बाजूही सांगायला हवी, म्हणजे आत अडकल्यावरची. २०१५ मध्ये अमेरिकेच्या टेक्सस राज्यात एक वृद्ध गृहस्थ २००७ च्या कॉर्व्हेटमध्ये आपल्या कुत्र्यासह अडकले. बॅटरीची केबल सैल झाली होती. दार उघडेना, काच खाली येईना, हॉर्नही वाजेना. उन्हाने दोघांचाही जीव गेला. दार हाताने सोडवणारा खटका त्यांच्या सीटशेजारी, खाली जमिनीलगत होता. विजेच्या लॅचची कुठलीही गाडी असो, आतला यांत्रिक खटका कुठे आहे ते पहिल्याच दिवशी शोधून एकदा ओढून बघायचं, आणि शेजारी बसणाऱ्यालाही दाखवायचं. सीटबेल्ट लावायला सांगतो तितक्याच सहजपणे.

कुलूप उघडलं, आता दार ओढायचं. इथे घाई करू नका, कारण बऱ्याच स्पोर्ट्स कारच्या दाराला काचेभोवती चौकट नसते. दार बंद असताना काचेची वरची कड छताच्या रबरी पट्टीत रुतलेली असते. एरवी तुम्ही हँडलला हात घालता तेव्हा आतला बारीक स्विच दबतो आणि मोटर काच सेंटिमीटरभर खाली घेते. मग दार मोकळं सुटतं. दार लावलं की काच पुन्हा वर चढून रबरात बसते. हे इतकं पटकन होतं की वर्षभर गाडी वापरूनही लक्षात येत नाही. बॅटरी मेलेली असताना काच खाली येत नाही. दार सुटतं, पण वरची कड रबरात अडकलेली राहते. झटका दिला तर रबर फाटतं, वरची पट्टी वाकते, कधी काचच जाते.

म्हणून एक हात हँडलवर, दुसऱ्याचा तळवा काचेवर, वरच्या कडेजवळ. दार सावकाश, बोट-बोट ओढायचं आणि काचेची कड रबरातून कशी निघते ते बघत राहायचं. रबर काचेला चिकटून ताणलं जात असेल तर थांबून ते बोटाने सोडवायचं. थंडीत बर्फाने चिकटलं असेल तर आधी ते वितळू द्यायचं. आणि एकदा उघडलेलं दार वीज येईपर्यंत लावायचं नाही, हे उघडण्यापेक्षाही महत्त्वाचं. वर चढलेली काच घेऊन दार बंद करायला गेलात तर काचेची कड पट्टीच्या बाहेरच्या अंगावर आपटते. सोबत कोणी असेल तर ‘दार लाव रे’ म्हणायची सवय अशा वेळी आवरावी. लावणं अगदीच भाग असेल तर काचेची वरची कड तळव्याने आतल्या बाजूला दाबत, ती रबराखाली सरकतेय याची खात्री करत लावा.

आत तर शिरलो. पण बॅटरी अजून दूर आहे. बॉनेटचा खटका तारेचा असेल तर नशीब. ओढा आणि पुढे जा. तो विजेवरचा असेल तर इथे दुसरी चोरवाट लागते, आणि ती समजायला विजेचं एक साधं गणित पुरतं. झाकणाचं लॅच सोडायला लागणारी वीज सेल्फच्या मानाने नगण्य असते. त्यामुळे गाडी सुरू करण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवायचा. आत्ता फक्त लॅचपुरती वीज लॅचपर्यंत न्यायची, आणि ती नेण्यासाठी कंपनीने बहुधा एक टोक बाहेर काढून ठेवलेलं असतं.

पोर्शेच्या २००० च्या दशकातल्या ९११ मध्ये, म्हणजे ज्यांना ९९७ म्हणतात त्यांत, ते टोक पुढे पाय ठेवायच्या जागेतल्या फ्यूज बॉक्समध्ये आहे. फ्यूजांच्या रांगेत एक लाल तुकडा बाहेर ओढता येतो. त्याला बाहेरच्या १२ व्होल्ट बॅटरीचं प्लस लावायचं. मायनस कुठे लावायचं? दाराचं लॅच ज्यात अडकतं ती चौकटीवरची धातूची कडी. ती गाडीच्या पत्र्याला घट्ट जोडलेली असते, म्हणजे उत्तम अर्थिंग. वीज पोचली की अलार्म बोंबलायला लागतो; गाडी चावीने उघडली, रिमोटने नाही, म्हणून तिला चोर आल्यासारखं वाटतं. रिमोटचं अनलॉक दाबायचं, अलार्म गप्प होतो, मग झाकणाचा स्विच ओढायचा. खट्. झाकण सुटलं.

या लाल टोकावरून गाडी सुरू करायचा मोह होतो. तो टाळा. तिथली वायर लॅचपुरती आहे, सेल्फसाठी नाही. फ्यूज जाईल किंवा वायर तापेल. झाकण उघडलं की केबल काढून खऱ्या बॅटरीकडे वळायचं.

टेस्लाची मॉडेल ३ स्पोर्ट्स कार म्हणावी की नाही यावर वाद घालता येईल, पण तिची युक्ती बघण्यासारखी आहे. पुढच्या बंपरवर टो करायचा हुक लावण्याची जागा झाकणारी गोल टोपी असते. ती काढली की दोन वायरी हातात येतात. त्यांना बाहेरून १२ व्होल्ट दिले की पुढचं झाकण उघडतं. मग चोरही उघडेल की! नाही, कारण गाडीची छोटी बॅटरी जिवंत आणि गाडी लॉक असेल तर या वायरी काम करत नाहीत. वाट फक्त बॅटरी मेल्यावर मोकळी होते.

तुमची गाडी यातली कुठलीच नसेल तर मॅन्युअल. कागदी मॅन्युअल डॅशबोर्डच्या कप्प्यात, म्हणजे लॉक झालेल्या गाडीच्या आत, ही आणखी एक गंमत. त्याची प्रत फोनमध्ये ठेवा आणि त्यात ‘आपत्कालीन उघडणे’ अशा अर्थाचं पान शोधून त्याला खूण करून ठेवा. काही गाड्यांत चाकाच्या कमानीतल्या प्लॅस्टिकमागे तारेचं टोक असतं, काहींत मागच्या सीटची पाठ पाडून डिकीत हात घालता येतो. अमेरिकेत विकल्या गेलेल्या, २००२ मॉडेलपासूनच्या कारच्या डिकीत अंधारात चमकणारी ओढमूठ असणं नियमानेच सक्तीचं आहे. ती आत अडकलेल्या माणसासाठी असली, तरी सीटमधून हात पोचत असेल तर आपल्यालाही कामी येते.

बाहेरून वीज द्यायला काय वापरायचं? लॅचपुरतं काम असेल तर यूपीएसमधली छोटी १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरीही पुरे. हल्ली बहुतेकांकडे लिथियमचा जम्प-स्टार्टर पॅक असतो आणि तो इथे हमखास दगा देतो. अशा पॅकमध्ये सुरक्षेसाठी एक अट घातलेली असते: चिमट्यांवर आधी थोडा तरी व्होल्टेज जाणवला पाहिजे, तरच वीज सोडायची. चिमटे एकमेकांना लागले तर ठिणगी उडू नये म्हणून ही सोय. पण बॅटरी पूर्ण झोपलेली असेल तर पॅकला चिमट्यांवर काहीच जाणवत नाही आणि तो ढिम्म बसून राहतो. लोक पॅकच बिघडला समजतात. त्यावर ‘बूस्ट’ किंवा सक्तीने चालू करायचं वेगळं बटण असतं, ते दाबायचं. मात्र ते दाबलं की उलट जोडणीपासूनचं संरक्षणही बहुतेक पॅकमध्ये बंद होतं. प्लस प्लसलाच आहे ना, हे दोनदा बघून मगच दाबा. उलटं लागलं तर अल्टरनेटरचे (इंजिनाच्या जोरावर वीज तयार करणाऱ्या जनित्राचे) डायोड आणि एखाददुसरा कॉम्प्युटर जाऊ शकतो. ट्रकची २४ व्होल्टची जोडणी तर चुकूनही नको.

कुठलीच वाट सापडली नाही की लोकांचे हात दगडाकडे किंवा पट्टीकडे जातात. काचेच्या फटीतून धातूची पट्टी घालून लॅच शोधणं जुन्या गाड्यांत चालायचं. आजच्या दारात साइड एअरबॅगचा सेन्सर, वायरींचा जुडगा, काचेची यंत्रणा असं सगळं गच्च भरलेलं असतं. पट्टीने दार उघडलं नाही तरी दुरुस्तीचं काम नक्की निघतं. बिनचौकटीच्या काचेला पाचर मारणं म्हणजे तर ती फोडण्याचाच लांबचा रस्ता. आणि फोडूनही दार उघडेलच असं नाही. अनेक गाड्यांत दुहेरी लॉक असतं: रिमोटने लॉक केल्यावर आतलं हँडलही निकामी होतं, म्हणजे फुटलेल्या काचेतून हात घालूनही दार जसंच्या तसं. कापडी छताची गाडी असेल तर छत कापायचा विचार मनात आला तरी झटकून टाका. त्या छतापेक्षा कुलूपवाल्याचा पूर्ण दिवस स्वस्त पडतो.

याला एकच अपवाद. आत मूल, म्हातारं माणूस किंवा जनावर असेल तर यातलं काहीही वाचत बसू नका. त्यांच्यापासून सगळ्यात लांबची काच, तिच्या कोपऱ्यावर टोकदार वस्तूने घाव. एक काच फुटत नसेल, नुसते तडे जात असतील, तर ती दोन थरांची असणार. लगेच दुसरीकडे वळा.

आता बॅटरी समोर आहे. जम्पर केबलचा क्रम नेहमीचाच: प्लसला प्लस आधी, मायनस शेवटी, आणि ते मायनस बॅटरीच्या टोकाला नाही तर दूरच्या धातूच्या भागाला. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन सुटतो आणि शेवटची ठिणगी त्याच्याजवळ नको, एवढंच कारण. बॅटरी डिकीत असलेल्या बऱ्याच गाड्यांत जम्प करायची टोकं मुद्दाम बॉनेटखाली दिलेली असतात, तीच वापरा. बॅटरी फुगलेली किंवा गोठलेली असेल तर तिला वीज द्यायचीच नाही. भरलेली बॅटरी कडाक्याच्या थंडीतही गोठत नाही, पण उतरलेलीत आम्ल पातळ झालेलं असतं, त्यामुळे ती शून्याखाली काही अंशांवरच गोठू शकते.

बॅटरी लिथियमची आहे का, तेही बघा. पोर्शेने २०१० च्या सुरुवातीला ९११ जीटी३ सारख्या मॉडेलांसाठी अशी बॅटरी द्यायला सुरुवात केली. वजन ६ किलोच्या आत, म्हणजे शिशाच्या बॅटरीपेक्षा सुमारे १० किलो कमी. अशा बॅटरीच्या आतलं सर्किट चार्ज फार खाली गेला की स्वतःच जोडणी तोडतं. मीटरला ती मेलेली दिसते, पण मेलेली नसते. तिला तिच्या प्रकारचाच चार्जर लागतो. शिशासाठीचा जुना चार्जर ‘डीसल्फेशन’च्या (प्लेटांवर धरलेलं सल्फेट झाडण्याच्या) नावाखाली जास्त व्होल्टेजचे झटके देतो, ते तिला सोसत नाहीत.

गाडी सुरू झाली की दोन-तीन बारीक कामं उरतात. काचांना आपली वरची हद्द आठवत नाही. प्रत्येक काच पूर्ण वर घेऊन स्विच काही सेकंद तसाच धरून ठेवला की बहुतेक गाड्या ती पुन्हा शिकतात. ते होईपर्यंत दार लावण्याआधी काच खाली आलेली आहे ना, इकडे लक्ष ठेवा. गाडी सुरूच झाली नाही आणि न्यावी लागली तर वेगळी अडचण: विजेवरचा हँडब्रेक बॅटरीशिवाय सुटत नाही, ऑटोमॅटिक गिअरही पार्कमध्येच अडकलेला असतो. टोचन लावून ओढण्याआधी बाहेरून १२ व्होल्ट देऊन ब्रेक सोडवा, नाहीतर चाकं घासत जातील.

आणि एक चक्कर मारून बॅटरी भरेल अशा भरवशावर राहू नका. अल्टरनेटर भरलेल्या बॅटरीची तूट भरून काढायला असतो, रिकामी बॅटरी काठोकाठ भरायला नाही. उभ्या गाडीत इंजिन वीस मिनिटं घुरघुरवत ठेवणं तर त्याहून निरर्थक. रात्रभर चार्जर लावा, सकाळी काढा आणि काही तासांनी मीटर लावून बघा. १२.६ च्या आसपास टिकून असेल तर बॅटरी वाचली. चार्जर काढल्यावर काही तासांतच ती १२.४ च्या खाली घसरत असेल तर तिच्या प्लेटांवर सल्फेट धरलंय. नवी बॅटरी आणा, आणि ती बसवून होईपर्यंत ते झाकण कोणी खाली दाबणार नाही याची काळजी घ्या. बॅटरी सुटी असतानाही विजेचं लॅच बंद मात्र होतं.